मागखातं, रंगखातं आणि इंडियानाचा पोहरा

घर नंबर चौदा, गिरणीमागची चाळ,
सोलापूर.
सोमवार, ता. २७ जानेवारी २०२५

मागखात्याचे माजी कप्तान, कुर्डुवाडीच्या बॉयलरवाल्याचे चिरंजीव, हल्ली मुक्काम लफायेट, राज्य इंडियाना, देश अमेरिका, असे आमचे जन्माचे मित्र व तितक्याच वर्षांचे विरोधक रफीकसाहेब यांस, रंगखात्याच्या पंचाक्षरीचा नमस्कार, सलाम आणि थोडा राग, असे तिन्ही पोचावेत.

इकडे मी आणि शिवबाई दोघं ठीक आहोत. तिकडे खातूनभाभींचे गुडघे, अल्तमशची नोकरी, सूनबाईंनी कुंडीत लावलेली दोडक्याची वेल (ती बर्फात जगायची नाही हे मी आधीच सांगितलं होतं) आणि छोट्या समराचं मराठी, ह्या चारही गोष्टी बऱ्या असाव्यात अशी आशा करतो. समरा परवा फोनवर मला ‘हॅलो पंचाक्षरी’ म्हणाली. तिला आजोबा म्हणायला कुणी शिकवलं नाही तर पुढच्या खेपेला मी फोन उचलणार नाही, आणि हे मी तुला बजावतोय, त्या पोरीचा काही दोष नाही. माझी तब्येत उत्तम आहे. उजवा गुडघा तेवढा सुजला आहे, तो पाण्याची घागर उचलताना पाय घसरल्यामुळे. त्याविषयी अधिक विचारू नये.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन धरतो अल्तमश. त्यात मला तुझं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. मनातलं काही बोलायला घ्यावं तर मागून सूनबाई हसून हात हलवतात, मग मी आपला हवामानावर येतो. गेली अडीच वर्षं आपण दोघं हवामान बोलतोय. तुमच्याकडे उणे आठ, आमच्याकडे अधिक अडतीस, यापलीकडे आपल्या मैत्रीत काही घडत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात कागद आणला. आणखी एक. तू तुझं घर विकायला काढलंयस आणि गिऱ्हाइकांना ते दाखवायचं काम माझ्याकडे दिलंयस. किल्ली माझ्याकडे सुखरूप आहे, काम चालू आहे, त्याचा अहवाल शेवटी देतो. आधी फुटबॉल.

तू सहा महिन्यांसाठी गेलास. (सहा महिने. मुद्दाम अक्षरात लिहितोय, म्हणजे पुढे आकड्यात घोळ नको.) नातीचं तोंड बघायचं, भाभींना बाळंतघरात सोबत करायची आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आत परत, असं तू सोलापूर स्टेशनवर माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला होतास. त्यानंतर तीन गड्डे झाले. सुरुवातीला तू फोनवर रडायचास. ‘हितं बोलायला माणूस न्हाई पंचा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा मालकाला घेऊनच फिरतंय’, असं म्हणायचास. ते ऐकून मला वाईट वाटायचं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं, कारण असा रडणारा माणूस परत येतो. मग एका शनिवारी अल्तमशने तुला त्याच्या विद्यापीठाच्या मैदानावर नेलं आणि माझा मित्र बिघडला. त्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संघाला बॉयलरमेकर म्हणतात आणि त्यांच्या मैदानात रेल्वेच्या इंजिनासारखी गाडी फिरते, हे बघून तुला तुझे अब्बा आठवले, ज्यांनी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात उभी हयात इंजिनाचे बॉयलर ठोकले. ‘आपलीच टीम हाय की ही!’ म्हणून तू तिथल्या बाकड्यावर उभा राहिलास म्हणे. तुझ्या अब्बांना लफायेटमध्ये कुणी ओळखत नाही, हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

तू पर्ड्यू म्हटल्याबरोबर मी एकच प्रश्न विचारला होता, आठवतं? यांचं हाडवैर कुणाशी? इंडियाना विद्यापीठाशी, म्हणालास. त्याच क्षणी मी इंडियानाचा झालो. मला त्या संघातला एक खेळाडू ठाऊक नव्हता, ते गाव नकाशात कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तू ज्या बाजूला उभा आहेस त्याच्या समोरची बाजू माझी, हे आपल्यात एकोणऐंशी सालापासून ठरलेलं आहे. गिरणीत तू मागावर आणि मी रंगाच्या हौदावर लागलो तेव्हापासून. शिवाय रंगाच्या माणसाने रंग बघायचा असतो. इंडियानाचा तो किरमिजी बघ. पक्का रंग, दहा धुण्यांत उतरायचा नाही. तुमचा काळा आणि ‘जुनं सोनं’. हे जुनं सोनं आमच्या खात्यात चुकून व्हायचं, हौद नीट न धुता त्यात कुणी पिवळा कालवला की. आणि असं सूत मुकादम शिव्या घालून परत पाठवायचा. आमच्या लोकांना हूझियर म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांच्यातच कुणाला नक्की सांगता येत नाही, हे अल्तमशने सांगितलं तेव्हा तर माझी खात्रीच पटली की हे आपलं रंगखातं आहे.

खेळाबद्दल माझं मत तुला माहीत आहे. नाव फुटबॉल, पण पाय पळण्यापुरता. बॉल दोन्ही टोकांनी चेपलेला. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, आणि प्रत्येक संधीच्या आधी सगळे गोल करून, खाली वाकून सभा भरवतात. सभा संपली की एकमेकांच्या अंगावर पडतात. चाळीच्या सोसायटीची वार्षिक सभा मी वीस वर्षं पाहिलेली असल्याने मला त्यात नवं काही दिसलं नाही. पण ज्या दिवशी तू त्या पोहऱ्याची गोष्ट सांगितलीस त्या दिवशी मी उठून बसलो. हे दोन संघ दर वर्षी एकमेकांशी खेळतात आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं, तर कुठल्याशा शेतातल्या विहिरीवरचा जुना लाकडी पोहरा! एकोणीसशे पंचवीस सालापासून! जो जिंकेल त्याचं धातूचं अक्षर पोहऱ्याच्या साखळीत अडकवायचं, आणि पहिल्याच वर्षी शून्य-शून्य बरोबरी झाली म्हणून पहिल्या कडीत दोघांचीही अक्षरं. अरे, आपल्या गावात नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. इथे बादलीवरून भांडण होतं त्यात नवल नाही. पण ज्या देशात तोटी फिरवली की गार आणि गरम अशी दोन्ही पाणी येतात, तिथली पन्नास-साठ हजार माणसं ज्यात थेंबभर पाणी भरायचं नाही अशा पोहऱ्यासाठी शंभर वर्षं भांडतात, हे ऐकून मला अमेरिकेविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

आता डिसेंबरातल्या त्या रविवारचं सांगतो, जे मी फोनवर सांगितलेलं नाही. तुमच्याकडे शनिवारची रात्र होती, आमच्याकडे रविवारची सकाळ. अल्तमशने पाठवलेल्या लिंकवर मी आंघोळीच्याही आधी मॅच लावून बसलो. पुढचं तुला ठाऊक आहे. सहासष्ट-शून्य. आपलं (म्हणजे माझं) इंडियाना सहासष्ट, तुमचं पर्ड्यू भोपळा. मागखात्याला असं धुतलेलं बघायचं माझं चाळीस वर्षांचं स्वप्न होतं रे. विसाला मी टाळ्या वाजवल्या. चाळिसाला शिवबाईला हाक मारली. ती पोळ्या लाटता लाटता आली, पडद्याकडे बघितलं, ‘एवढी पोरं एकावर एक का पडल्यात?’ म्हणाली आणि गेली. पन्नासच्या पुढे मी आमची पोरं बघायची सोडून गर्दीत तुझं तोंड शोधायला लागलो, तू घरी शाल पांघरून बसलेला आहेस हे ठाऊक असून. मॅच संपल्यावर तुला चिडवायला फोन केला. आठवडाभर पाठ केलेली चांगली आठ-दहा वाक्यं तयार होती. तू फोन उचललास आणि म्हणालास, ‘पंचा, च्या घेतलास का?’ ‘घेतला’ म्हणालो आणि हवामानावर आलो. हरलेला माणूस समोर असावा लागतो. त्याने कट्ट्यावर शेंगा फोडत संध्याकाळपर्यंत ‘बॉल नेटला लागला होता’ म्हणत बसावं लागतं, आपण नाही म्हणावं लागतं, आणि शेवटी त्यानेच चहा पाजावा लागतो. फोनवर जिंकून काय उपयोग? त्या सकाळी मला तुझी फार आठवण आली. असं लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तू हे वाचशील तेव्हा मी आठ हजार मैल लांब असेन.

तर त्या सकाळी मी ठरवलं की संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारची आपली मॅच पुन्हा सुरू करायची. गिरणी बंद पडली, चिमणी तेवढी राहिली, मागखातं आणि रंगखातं ही खाती सरकारच्या कागदावरसुद्धा उरली नाहीत, तरी आपली व्हॉलीबॉलची मॅच (कोरोनाचं एक वर्ष सोडून) कधी चुकली नव्हती. तू गेल्यापासून मात्र झाली नाही. कुणी रद्द केली असं नाही. नेट तुझ्या माळ्यावर, किल्ली माझ्याकडे, पण मागायलाच कुणी आलं नाही. आता माझा बेत असा होता की आपणही इंडियानासारखी एक बादली ठेवायची, तिला साखळी लावायची, जिंकणाऱ्याचं अक्षर अडकवायचं, आणि मग तुला कळवायचं. परक्यांच्या पोहऱ्यासाठी जो माणूस दोन दिवस जेवत नाही (भाभींनी सांगितलं) तो स्वतःच्या बादलीसाठी विमानात बसेल की नाही?

पण बादलीला इतिहास लागतो, आणि आपला इतिहास काय आहे ते मला कट्ट्यावर बैठक भरवल्यावर कळलं. तुमच्याकडून तिप्पण्णा आला, जो तू गेल्यापासून मागखात्याचा हंगामी कप्तान आहे आणि ‘हंगामी’ म्हटलेलं त्याला आवडत नाही. आमच्याकडून कप्तान येडू. आजपर्यंतच्या मॅचा किती, तर त्रेचाळीस. इथपर्यंत एकमत झालं. येडू म्हणे त्यातल्या सव्वीस आमच्या. तिप्पण्णा म्हणे एकोणतीस आमच्या. याची बेरीज पंचावन्न होते हे मी दाखवून दिलं, तेव्हा दोघंही माझ्यावर घसरले. मग निघाली एक्याण्णव सालची मॅच. नेटच्या खिळ्यावर बॉल फुटला होता आणि त्याचं कातडं नेटवरच लोंबकळत राहिलं होतं, ती. येडू म्हणाला, कातडं तुमच्या बाजूला झुकलं होतं, सबब पॉइंट आमचा. तिप्पण्णा म्हणाला, ‘आन् हवा कुटं गेली? हवा तुमच्या बाजूला गेली की!’ या हवेवर दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत चर्चा झाली. शेवटी मी अमेरिकेचा दाखला दिला. मागचं सगळं बरोबरी धरा, पहिल्या कडीत दोघांची अक्षरं एकत्र अडकवा, आणि इथून पुढे मोजा. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या पोरांनी केलं ते आपण आज करतोय, यात कमीपणा नाही, असं बोललो. सिद्धराम पत्रेवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक ‘मा’ आणि एक ‘रं’ करून दिला. अनुस्वार पडतोय म्हणून त्याने तो तारेने बांधला आहे.

बादलीचं त्याहून अवघड. लाकडी पोहरा सोलापुरात कुठे मिळतो? चार विहिरी पालथ्या घातल्या, त्यात दोन बुजवलेल्या आणि एकीत क्लासेसचा बोर्ड. तेव्हा येडूला आठवलं की गिरणी बंद झाली त्या दिवशी त्याने रंगखात्यातली जस्ताची एक बादली आठवण म्हणून घरी नेली होती. ती बघितली आणि मला गलबलून आलं. सांध्यात अजून निळा आहे. आपल्या निळ्या चादरीचा तो निळा, जो लागला की आठ-आठ दिवस नखांतून जायचा नाही आणि तू मला हात धुवायला लावल्याशिवाय तुझ्या डब्याला शिवू द्यायचा नाहीस. पण त्या बादलीत येडूची अंबुबाई रोज वापरायचं पाणी भरते. तिला तिचा ऐतिहासिक मोठेपणा समजावून सांगायला आम्ही तिघं गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘व्हय, पन मंग पानी कशात भरू?’ आमच्याकडची नवी प्लास्टिकची बादली तिला द्यावी लागली. ती शिवबाईची होती हे तिला आणि शिवबाईला दोघींनाही दुसऱ्या दिवशी कळलं.

मॅच ठरली रविवारी एकोणीस तारखेला, सकाळी नऊ वाजता. नळाची पाळी मी महिनाभर आधीच कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजून ठेवली होती. शनिवारी पाणी, मग थेट गुरुवारी. मधला रविवार कोरडा. (तारीख धरताना सुतक, सोयर, लग्न आणि नळ या चार गोष्टी बघाव्या लागतात, हे तुझ्या त्या विद्यापीठांना कळायचं नाही.) पण मध्ये एकदा पाइप फुटला, पाळी एक दिवसाने पुढे सरकली, आणि पेन्सिलीची खूण बदलायला मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी. सकाळी मैदानावर तीसेक माणसं, बारा खुर्च्या, मधोमध स्टुलावर बादली, बादलीला साखळी, साखळीत ‘मा’ आणि ‘रं’ शेजारी शेजारी. तुमच्या बाजूला सहाच्या ऐवजी पाचच जण होते, पण ते तूर्त बाजूला ठेव. चार-तीन झाले होते. तिप्पण्णाने सर्व्हिसला हात वर नेला, आणि चाळीतून कुणीतरी बाई ओरडली, ‘पानी आलं!’

रफीक, त्यानंतर मैदानात फक्त बॉल राहिला. तिप्पण्णा हात तसाच वर ठेवून पळाला. पंच शिट्टी तोंडात धरून पळाला, ती घरापर्यंत वाजत गेली. प्रेक्षक खुर्च्यांसकट गेले, कारण उंच टाकीत पाणी ओतायला खुर्ची लागते. मी तेवढा बादलीची राखण करत उभा राहिलो, तर अंबुबाई तरातरा आली, प्लास्टिकच्या बादलीचा कान तुटलाय असं सांगितलं, आणि स्टुलावरची बादली साखळीसकट घेऊन गेली. ‘मा’ आणि ‘रं’ खुळखुळत चालले होते. नंतर तिच्या दारावरून गेलो तेव्हा त्या बादलीतून ती पिंपात पाणी ओतत होती आणि दोन्ही खात्यांची अक्षरं पाण्यात बुडत होती. मग घरून शिवबाईची हाक आली आणि मीही घागरी उचलायला गेलो. अशी आपली मॅच वाहून गेली, निकाल काही लागला नाही. येडू त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, पाळी चुकीची मोजली म्हणून. बोलेल हळूहळू.

तसं इकडे सगळं पूर्वीसारखंच आहे. हुरडा निघाला आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने तुझ्या नावाची ‘कमी साखर, जादा पत्ती’ अजून लक्षात ठेवली आहे. मी एकटा गेलो की तो दोन कप ठेवतो, मग एक उचलून नेतो. संध्याकाळी पाचला कट्ट्यावर ऊन येतं ते आता दोघांच्या रिकाम्या जागेवर पडतं. मला करमत नाही. डॉक्टरने चालायला सांगितलंय, तर चाळीला दोन फेऱ्या मारतो आणि तिसऱ्या फेरीला तुझ्या दारात थांबतो. तू तिथे सुखात आहेस, तुमचं हिरवं कार्ड झालं, नात अंगाखांद्यावर आहे. माणसाने आणखी काय मागावं, आणि तुला परत ये म्हणणारा मी कोण? म्हणून परत ये असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. वाचून खात्री करून घे.

खातूनभाभींना नमस्कार, अल्तमश आणि सूनबाईंना आशीर्वाद, समराला पापा. पर्ड्यूला माझ्याकडून सहानुभूती.

तुझाच, समोरच्या बाजूचा,
पंचाक्षरी

ता. क. घराचा अहवाल राहिला. आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. पहिल्याला मी सांगितलं की शेजारी पहाटे चारला उठून शिंकायला लागतो आणि दुपारपर्यंत थांबत नाही. (शेजारी म्हणजे मी. त्याच्यासमोर सात-आठ वेळा शिंकूनही दाखवलं.) दुसऱ्याला घर फारच पसंत पडलं, तेव्हा मालक पुढच्या महिन्यात परत येतोय असं सांगावं लागलं. तिसरी एक बाई होती आणि ती हुशार होती. तिला मी गिरणीची चिमणी तुझ्या घराच्या बाजूला कललेली दाखवली. चिमणी सरळच आहे, पण तुझ्या खिडकीतून मान वाकडी करून बघितलं तर कललेली दिसते, आणि बाईंना मी मान वाकडी करायला लावली. या कामासाठी तू दुसरा माणूस बघावास हे बरं. माझ्याकडून ते नीट होत नाही.

ता. क. रफीकभाऊजी, शिवबाईचा नमस्कार. हे पाकिटाला डिंक आनायला गेल्यात तंवर लिवते. मॅच झाली न्हाई असं हेनी वर लिवलंय. झाली की. पानी भरून झाल्यावर चारला समदी परत मैदानात आली. तुमच्या खात्यात पाचच मानसं. येडूभावजी म्हनले, सहा न्हाईत तर आमी जिकलो, अक्षर अडकवा. तिप्पण्णा खाली बघत हुबा. तवा आमचं हे ध्यान नेटखालनं वाकून तिकडं गेलं आन् तुमच्या जाग्यावर जाऊन हुबं ऱ्हायलं. म्हनलं, रफीकची जागा मोकळी ठिवायची न्हाई. आता तिकडं सहा झाली आन् हिकडं ऱ्हायली पाच. येडूभावजी लई वरडले, ही कंची रीत म्हनून. हेनी ऐकलं न्हाई. दोनदा पडले. गुडघा तितं फुटलाय, घागरीचं समदं खोटं हाय. शेवटचा बॉल हेनीच मारला, तुमचं खातं जिकलं. तवापास्नं रंगखात्यातलं कोन बी हेंच्याशी बोलत न्हाई, निस्तं येडूभावजीच न्हवं. दुकानात गेले तर तोंड फिरवत्यात. मला म्हनले, रफ्याला कळवू नको, डोक्यावर बसंल. संध्याकाळी तुमचं कुलूप काढून तुमच्याच उंबऱ्यावर एकटं बसत्यात. भाभीस्नी सलाम सांगा. शेंगाची चटनी येगळी पाठवलिया, लेकराला चालंल, तिकट कमी घातलंय.

ता. क. डिंक घेऊन आलो तर हे लिहून ठेवलेलं. खोडायला गेलो तर पेनच लपवून ठेवलं होतं. हे पेन्सिलीने लिहितोय. बरं, झाली मॅच. पंधरा-तेरा. साखळीत आणखी एक ‘मा’ अडकला. आता काय हसायचं ते हसून घे, पंचाक्षरीने स्वतःचं खातं बुडवलं म्हणून अल्तमशला सांग, लफायेटच्या शेजाऱ्यांना सांग. पण मला एक लिहायचंय. इतक्या वर्षांत मी तुझ्या जागेवर कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून समोर बघितलं तर नेटपलीकडे माझी जागा दिसली, आणि तिथे कुणीच नव्हतं. त्यानंतर बॉल कसा मारला मला आठवत नाही. घर विकायचं तर विक. पुढच्या संक्रांतीला ये, एक मॅच खेळ, मग मी स्वतः गिऱ्हाईक आणीन आणि त्याच्याशी खरं बोलेन. पण तुझ्या जागेवर मी पुन्हा उभा राहणार नाही. तिथे तू येऊन उभा राहा. मला समोरून खेळायचंय.